सोशल मीडिया स्टार्टअपने खरेदीचा मोठा प्रस्ताव स्वीकारावा का?

पवनाकाठ (प्रश्नकर्ता):

नमस्कार. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी सहा वर्षांपासून काम करतो. आमचे ॲप भजनी मंडळांसाठी आहे. गावोगावची मंडळे आपल्या आवाजातले अभंग, गवळणी आणि भारुडे नोंदवून त्यावर चढवतात, दुसऱ्या गावची मंडळे ती ऐकतात, चालींवरून चर्चा करतात, आणि आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत तर सर्व्हर सांभाळायला आमच्यापैकी दोघांना रात्रभर जागावे लागते. आम्ही एकूण चौदा जण आहोत. मी संस्थापक नाही, तिसरा कर्मचारी आहे, आणि पगार कमी घेऊन त्याबदल्यात ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे समभाग घेण्याचा हक्क, स्वीकारलेल्यांपैकी आहे.

गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. रक्कम इथे लिहिणे योग्य नाही, परंतु आमच्या आजवरच्या एकूण उत्पन्नाच्या ती कित्येक पट आहे. संस्थापक माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे आणि त्याचे मत नकाराकडे झुकलेले आहे. त्याच्या टेबलामागच्या फळ्यावर त्याने ‘२००६ – १ अब्ज’ एवढेच लिहून ठेवले आहे. कोणी विषय काढला की तो त्या फळ्याकडे बोट दाखवतो. याहूने फेसबुकसाठी देऊ केलेले १ अब्ज डॉलर मार्क झुकरबर्ग यांनी त्या वर्षी घेतले असते तर फेसबुक आज याहूच्या एखाद्या बंद पडलेल्या विभागात जमा झाले असते, असे तो म्हणतो.

मला ते खोडून काढता येत नाही आणि पूर्णपणे पटतही नाही. ज्यांनी अशी खरेदी-विक्री जवळून पाहिली आहे, त्यांना माझे विचारणे आहे की, सोशल मीडियाच्या धंद्यात एवढी मोठी रक्कम समोर आली असता होकार केव्हा द्यावा आणि नकार केव्हा? आणि माझ्यासारख्या कर्मचाऱ्याने या निर्णयात नेमके काय विचारून घ्यावे?

कोल्हापूरकर_बे_एरिया:

मी २००१ पासून कॅलिफोर्नियात आहे आणि या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा उदय आणि अस्त इथूनच पाहिला आहे. तुमच्या मित्राने फळ्यावर लिहिलेला आकडा खरा आहे, पण त्या आकड्यामागची परिस्थिती फळ्यावर नाही, आणि निर्णय तिच्यावरच ठरतो.

२००६ च्या उन्हाळ्यात याहूने विचारणा केली तेव्हा फेसबुक दोन वर्षांचे होते आणि झुकरबर्ग २२ वर्षांचे. संचालक मंडळावरचे पीटर थील यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की सदस्य तेव्हा ऐंशी-नव्वद लाख होते, उत्पन्न ३ कोटी डॉलरच्या आसपास होते, आणि ते स्वतः व दुसरे संचालक जिम ब्रेयर हे दोघेही विक्रीचा गंभीरपणे विचार करावा अशा मताचे होते. झुकरबर्ग नकारावर ठाम राहू शकले याचे पहिले कारण असे की कंपनीची सूत्रे त्यांच्याच हाती होती. गुंतवणूकदारांना त्यांच्या मनाविरुद्ध विक्री घडवून आणता येत नव्हती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच सप्टेंबरमध्ये फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या नव्या नोंदी एकत्र दाखवणारे पान, सुरू केले आणि काही आठवड्यांतच विद्यार्थी नसलेल्यांनाही दार उघडले. म्हणजे नकार देताना त्यांच्या हातात अशा दोन गोष्टी तयार होत्या, ज्यांची किंमत याहूच्या प्रस्तावात धरलेलीच नव्हती. याहूचा स्वतःचा तिमाही निकाल वाईट लागला आणि त्यांनी आकडा ८५ कोटी डॉलरवर आणला, त्यामुळे नकार देणे आणखी सोपे झाले, ही बाबही सहसा कोणी सांगत नाही.

त्या नकाराची किंमतही मोजावी लागली. २०१७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभातील भाषणात झुकरबर्ग यांनी सांगितले की त्या प्रसंगानंतर संबंध इतके ताणले गेले की वर्षभरात व्यवस्थापनातला प्रत्येक जण सोडून गेला. चौदा जणांच्या कंपनीत असे झाले तर मागे कोण उरेल, याचा विचार तुमच्या मित्राने जरूर करावा.

आता फळ्यावर न लिहिलेली दुसरी गोष्ट सांगतो. २००३ मध्ये फ्रेंडस्टर ही या क्षेत्रातली सर्वांत पुढे असलेली साइट होती आणि गूगलने तिला ३ कोटी डॉलर देऊ केले होते. संस्थापक जोनाथन अब्राम्स यांनी ते नाकारले आणि त्याऐवजी नामवंत गुंतवणूकदारांचे पैसे घेतले. तो मोबदला गूगलच्या समभागांत घेतला असता तर काय झाले असते ते पाहा. गूगलचे समभाग तेव्हा बाजारात यायचे होते. ते ऑगस्ट २००४ मध्ये ८५ डॉलरला आले आणि पुढे कुठे पोहोचले ते सर्वांना ठाऊक आहे. इकडे फ्रेंडस्टरचे पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून उठून जाई, इतकी ती साइट संथ झाली होती. मीही त्या कंटाळलेल्यांपैकीच एक. लोक मायस्पेस या दुसऱ्या साइटकडे गेले. अखेर २००९ मध्ये फ्रेंडस्टर मलेशियातल्या एका कंपनीला विकली गेली आणि नंतर खेळांची साइट म्हणून काही काळ तग धरून राहिली.

मायस्पेसची मूळ कंपनी न्यूज कॉर्प या माध्यमसमूहाने २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला घेतली आणि २०११ मध्ये मायस्पेस ३.५ कोटी डॉलरला विकून टाकली. बेबो ही साइट मायकेल आणि सोची बर्च या दांपत्याने उभी केली होती. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने ती २००८ मध्ये ८५ कोटी डॉलरला घेतली, आणि २०१३ मध्ये मायकेल बर्च यांनी तीच साइट १० लाख डॉलरला परत विकत घेतली. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यांचे काय चुकले?

माझे मत असे की कारखान्याला जमीन असते, यंत्रे असतात, आणि धंदा बुडाला तरी भंगाराचे का होईना पैसे येतात. सोशल मीडिया कंपनीकडे फक्त लोकांची सवय असते. ती कशी सुटते ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. आमचे सगळे चुलत-मावस भावंडांचे गोकुळ ऑर्कुटवर होते. एका दिवाळीत माझ्या बहिणीने किल्ल्याचे आणि फराळाचे फोटो फक्त फेसबुकवर टाकले, ते बघायला म्हणून एकेकाने तिथे खाते उघडले, आणि भाऊबीज संपेपर्यंत ऑर्कुटवर लिहिणारे आमच्यात कोणी उरले नव्हते. कोणी ठरवून काहीच केले नव्हते. ज्या मालमत्तेचे असे चार दिवसांत होऊ शकते, तिला कोणी रोख मोबदला देत असेल, तर नकार देणाऱ्याजवळ त्या सप्टेंबरमधल्या दोन गोष्टींसारखे काहीतरी तयार असायला हवे. तुमच्या मित्राजवळ ते असेल तर त्याने जरूर नकार द्यावा. नुसती जिद्द असेल तर देऊ नये.

हिशेबनीस_नाशिक:

मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे माझे उत्तर पैशांपुरतेच मर्यादित आहे. वरचा प्रतिसाद संस्थापकाच्या दृष्टीने उत्तम आहे, पण प्रश्नकर्ते कर्मचारी आहेत, आणि या दोघांचे हित एकच असते असे समजू नये.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याची कंपनी विकली गेली होती. घरातल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्याने वर्तमानपत्रात छापून आलेली विक्रीची रक्कम लिहिली होती, तिला आपल्या हिश्श्याच्या टक्क्याने गुणले होते, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रकमेवर कर किती लागेल, एवढेच विचारायला तो आला होता. मी त्याच्या हातातले कंपनीचे पत्र वाचले. त्याच्या वाट्याला काहीही येत नव्हते. ते त्याला समजावून सांगायला मला दीड तास लागला, आणि तो दीड तास मी अजून विसरलेली नाही.

हे का होते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. गुंतवणूकदारांनी ४० कोटी रुपये घातले आहेत, त्यांचा हिस्सा ४० टक्के आहे, आणि करारात लिक्विडेशन प्रेफरन्सचे कलम आहे. या कलमाचा अर्थ असा की विक्रीच्या वेळी ते एकतर आपले घातलेले पैसे आधी काढून घेतील किंवा आपल्या हिश्श्याप्रमाणे वाटा घेतील, जे अधिक असेल ते. कंपनी १०० कोटींना विकली गेली तर दोन्हीकडून ४० कोटीच येतात आणि १ टक्का हिस्सा असलेल्या कर्मचाऱ्याला १ कोटी मिळतात. तीच कंपनी ५० कोटींना विकली गेली तर हिश्श्याप्रमाणे त्यांचे २० कोटीच होतात, म्हणून ते आधी ४० कोटी काढून घेतात, आणि उरलेले १० कोटी बाकीच्या ६० टक्क्यांत वाटले जातात. कर्मचाऱ्याला मिळतात सुमारे १६ लाख ६६ हजार. किंमत निम्मी झाली आणि त्याचा वाटा एक षष्ठांश झाला. ४० कोटींना विकली गेली तर त्याला शून्य. म्हणूनच व्हॅल्युएशनच्या बातम्या वाचून हिशेब मांडणे म्हणजे पाण्यातल्या म्हशीचे मोल करण्यासारखे आहे. तुमच्या कंपनीचे कलम कसे आहे, त्यात एकपट लिहिले आहे की दुप्पट, आणि पैसे काढून घेतल्यावर गुंतवणूकदार पुन्हा उरलेल्या रकमेतही वाटा मागू शकतात का, हे संस्थापकाला सरळ विचारा. मित्र आहे म्हणून संकोच करू नका.

मोबदला रोख आहे की समभागांत, हेही तितकेच महत्त्वाचे. एप्रिल २०१२ मध्ये इन्स्टाग्रामची किंमत १ अब्ज डॉलर जाहीर झाली तेव्हा तिच्याकडे १३ माणसे होती. त्यातले ३० कोटी डॉलर रोख होते आणि बाकी फेसबुकचे समभाग. मे महिन्यात फेसबुक बाजारात आले, भाव ३८ डॉलरवरून कोसळला, आणि सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला तेव्हा त्या १ अब्जाचे सुमारे ७१.५ कोटी झाले होते. ज्यांनी ते समभाग धरून ठेवले त्यांचे पुढे सोने झाले हे खरे, पण धरून ठेवणे ज्याला परवडते त्याच्यासाठीच. गृहकर्जाचे हप्ते चालू असलेल्या माणसाने रोख रकमेचा आग्रह धरावा.

आणखी एक सांगते. जाहीर झालेल्या रकमेतला काही भाग बहुधा वर्ष-दीड वर्ष अडकवून ठेवला जातो, काही भाग तुम्ही नव्या कंपनीत टिकून राहिलात तरच मिळतो, आणि ईसॉप वापरताना बाजारमूल्य व तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगाराप्रमाणे कर लागतो, मग प्रत्यक्ष विक्रीवर भांडवली नफ्याचा. हातात निव्वळ किती येणार, याचा कागद मागून घ्या.

ओवी:

मी या धंद्यातली नाही. अशा साइटवर लिहिणाऱ्यांपैकी आणि गाणाऱ्यांपैकी मी आहे, आणि आतापर्यंतच्या चर्चेत आम्ही कुठेच दिसलो नाही म्हणून लिहिते आहे.

माझ्या आईला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ होत्या. शेवटची तीन वर्षे ती आणि मी दुपारी स्वयंपाकघर आवरून झाले की एकेक ओवी नोंदवून एका साइटवर चढवत असू. साइटचे नाव इथे घेत नाही. आई खोकली की आम्ही ती ओवी पुन्हा घेत असू, आणि मागे कुकरची शिट्टी झाली तर मात्र ती म्हणायची, राहू दे, घरचीच आहे. आई गेली. ती साइट पुढे कोणीतरी विकत घेतली आणि काही महिन्यांनी बंद केली. सूचना ईमेलने आली होती म्हणे, पण ती ज्या पत्त्यावर आली तो पत्ता वापरणे मी केव्हाच सोडून दिले होते. मला कळले तेव्हा तिथे काही उरले नव्हते. भावाच्या जुन्या फोनमध्ये दोन ओव्या सापडल्या, त्या तेवढ्या राहिल्या.

विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यांचे काय चुकले, असे वर विचारले आहे. मला वाटते, चुकले ते इथे. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांनी जाहिराती न आणण्याचे वचन लोकांना जाहीरपणे दिले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप फेसबुकला १९ अब्ज डॉलरला विकले, आणि २०१६ मध्ये व्हॉट्सॲपची माहिती फेसबुकशी जोडण्याचे धोरण आलेच. खरेदीच्या वेळी या बाबतीत दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन त्याच वर्षी आपले न पिकलेले, म्हणजे आणखी काही काळ टिकून राहिल्यावरच मिळणारे, समभाग सोडून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये त्यांनी सिग्नल या संदेशांच्या ॲपच्या प्रतिष्ठानला ५ कोटी डॉलर दिले. माणूस मनाने सरळ होता असे मी मानते, पण तोवर वचन पाळणे त्याच्या हातात राहिले नव्हते. टम्बलर या ब्लॉगांच्या साइटचे तर याहूने २०१३ मध्ये १.१ अब्ज डॉलर मोजले, आणि २०१९ मध्ये ते ऑटोमॅटिक या कंपनीकडे गेले तेव्हाची किंमत ३० लाख डॉलरहूनही कमी असल्याच्या बातम्या होत्या. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे लिहिले, चित्रे काढली, त्यांना कोणी विचारले होते का?

तुमच्या ॲपवर भजनी मंडळांचे आवाज आहेत. त्यांतले कित्येक बुवा आज हयात नसतील. विकायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण प्रत्येक मंडळाला आपली सर्व ध्वनिमुद्रणे उतरवून घेता येतील, आणि बंद करायचे झाल्यास किमान वर्षभर आधी ॲपवर आणि फोनवरही कळवले जाईल, हे विक्रीच्या करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

डोंगरवाट:

पहिल्या प्रतिसादाशी मी थोडा असहमत आहे. २०१३ मध्ये स्नॅपचॅटचे इव्हान स्पीगल यांनी फेसबुकचे ३ अब्ज डॉलर नाकारले तेव्हा ते २३ वर्षांचे होते आणि कंपनीला उत्पन्न असे जवळजवळ काहीच नव्हते. मार्च २०१७ मध्ये कंपनी १७ डॉलर भावाने बाजारात आली तेव्हा तिचे मूल्य २४ अब्जांच्या घरात होते. तयार गोष्ट हाती नसतानाही नकार टिकू शकतो. मात्र त्या नकारानंतर काय झाले हेही सांगायला हवे. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने स्नॅपचॅटचीच स्टोरीजची, म्हणजे एका दिवसात नाहीशा होणाऱ्या फोटो-व्हिडिओंची, कल्पना जशीच्या तशी उचलली. अमेरिकी सरकारने डिसेंबर २०२० मध्ये फेसबुकवर मक्तेदारीचा जो खटला भरला, त्यात झुकरबर्ग यांचा २००८ चा एक ईमेल पुढे आला, आणि स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणे बरे, असा त्याचा आशय होता. निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाच्या (फेसबुक कंपनीचे आताचे नाव) बाजूने लागला, तरी त्या वाक्यातून खरेदीदाराचे मन कळतेच. तुम्ही नकार दिलात तर समोरची कंपनी भजनांचा विभाग स्वतः सुरू करेल का, आणि केला तर मंडळे तुमच्याकडे का थांबतील, याचे उत्तर आधी शोधा.

आपल्याकडची दोन उदाहरणे तुमच्या अधिक जवळची आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणाऱ्या शेअरचॅटला ट्विटर सुमारे १.१ अब्ज डॉलरला घेऊ पाहत असल्याच्या बातम्या २०२१ च्या सुरुवातीला आल्या होत्या. विक्री झाली नाही, एप्रिलमध्ये कंपनीने २.१ अब्ज मूल्यावर ५० कोटी डॉलर उभे केले, आणि पुढच्या वर्षी ते मूल्य ५ अब्जांच्या जवळ पोहोचले. नंतर ते बरेच उतरले, परंतु कंपनी आजही उभी आहे. ट्विटरसारखे भारतीय ॲप असलेल्या कूचे उलटे झाले. डेलीहंट या बातम्यांच्या ॲपसह अनेकांशी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी कू बंद करत असल्याचे जाहीर केले. या दोहोंतला फरक मला असा दिसतो की शेअरचॅटशी बोलणी झाली तेव्हा तिला पैसे देणारे दुसरेही उभे होते, आणि कू खरेदीदाराच्या दारात गेली तेव्हा तिच्याजवळचे पैसे संपत आले होते. त्यामुळे तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. आज पगार आणि सर्व्हरचे बिल भागवून किती महिने पुरतील एवढे पैसे बँकेत आहेत?

पवनाकाठ (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. डोंगरवाट, तुमच्या प्रश्नाचे उत्तर नऊ महिने असे आहे, आणि हा आकडा मला काल रात्रीपर्यंत ठाऊक नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचून मी मित्राला फोन केला तेव्हा त्याने सांगितला. दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलणे चालू आहे, परंतु कागदावर काही नाही.

हिशेबनीस ताई, आमच्या करारात कलम एकपटीचे आहे आणि पुन्हा वाटा मागण्याची तरतूद नाही, हे मी आज स्वतः वाचून पाहिले. निव्वळ हातात किती येईल याचा कागद चौदाही जणांना मिळावा, अशी मागणी मी लेखी केली आहे.

ओवी ताई, तुमचा प्रतिसाद मी आज सकाळी ऑफिसात सर्वांना वाचून दाखवला. ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्याची सोय आमच्या ॲपमध्ये आज नाही. ती करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि विक्री होवो न होवो, ती असायलाच हवी होती. आमच्या दोघा प्रोग्रामरांनी दुपारीच काम हाती घेतले आहे आणि कार्तिकीपूर्वी ते पूर्ण होईल. वर्षभराच्या सूचनेची अट मित्राने मान्य केली आहे; खरेदीदार काय म्हणतो ते सोमवारच्या बैठकीनंतर इथेच लिहीन. फळ्यावरचे ‘२००६ – १ अब्ज’ अजून पुसलेले नाही, पण त्याखाली आता ‘नऊ महिने’ असेही लिहिलेले आहे.